कॅमशाफ्ट घरी बदलण्यापूर्वी: वाचकांचे प्रश्न

दुचाकीच्या या सदरासाठी आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे या वेळी एकाच सुट्या भागाविषयी आहेत, म्हणून संपूर्ण सदर कॅमशाफ्टसाठी, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या फिरत्या दांड्यासाठी, दिले आहे. पत्रे जागेअभावी संक्षिप्त केली असून वाचकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार छापलेली नाहीत.

प्रश्न: माझ्याकडे २००९ सालची स्प्लेंडर प्लस आहे. बऱ्याच दिवसांपासून हेडमधून (इंजिनाच्या वरच्या भागातून) टकटक आवाज येतो. टॅपेट (व्हॉल्व्हवरची फट जुळवणारे स्क्रू) सेट केले की थोडे दिवस बरे जातात आणि आवाज पुन्हा सुरू होतो. चढावर गाडीची ओढही कमी झाली आहे. मेकॅनिकने हेडचे झाकण उघडून पाहिले आणि कॅमशाफ्ट घासल्याचे सांगितले. क्लच प्लेटा, चेनसेट, ब्रेक शू ही कामे मी घरीच करतो. कॅमशाफ्टचे काम घरी करता येईल का, आणि करायचे झाल्यास कोणत्या क्रमाने करावे? — एक वाचक, तासगाव

उत्तर: करता येईल. आपल्या गाडीचे इंजिन एका सिलिंडरचे, दोन व्हॉल्व्हचे आणि हेडमध्ये एकच कॅमशाफ्ट असलेले आहे. या कामाची सुरुवात करण्यासाठी याहून सोपे इंजिन आपल्याकडच्या रस्त्यांवर क्वचितच सापडेल. मात्र पाने हातात घेण्यापूर्वी दोन गोष्टी निश्चित झाल्या पाहिजेत: दोष खरोखर कॅमशाफ्टचाच आहे का, आणि असल्यास तो झिजला कशामुळे.

पहिली गोष्ट आधी पाहू. क्रँकच्या, म्हणजे पिस्टनने फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या, दोन फेऱ्या होतात तेव्हा कॅमशाफ्टची एक फेरी होते, आणि त्या एका फेरीत त्याच्यावरचा प्रत्येक उंचवटा, म्हणजे लोब, आपापल्या रॉकरला, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या छोट्या दांडीला, एकदा उचलून व्हॉल्व्ह उघडतो. लोबचा पृष्ठभाग मुद्दाम कठीण केलेला असतो आणि ही कठीण कातडी पातळ असते. ती एकदा फुटली, तिच्यावर बारीक खड्डे पडले, की खालचा धातू झपाट्याने झिजू लागतो. रॉकरचे तोंडही त्याबरोबर खरवडले जाते आणि टॅपेटची फट काही दिवसांत पुन्हा वाढते. फट पुन:पुन्हा वाढणे आणि ओढ कमी होणे ही दोन लक्षणे एकत्र दिसत असतील तर मेकॅनिकचे निदान बरोबर असण्याची शक्यता मोठी आहे. एक्झॉस्टचा लोब जास्त घासला असेल तर जळलेला वायू पूर्ण बाहेर पडत नाही आणि ॲक्सिलरेटर दिल्यावर कार्बोरेटरमधून उलटे फुसफुसल्यासारखे आवाज येतात. आपल्या गाडीत तसे होते का तेही पाहावे.

तरीही हेडमधल्या प्रत्येक टकटकीचे मूळ लोबमध्येच असते असे नाही. रॉकरची पिन आणि तिचे छिद्र यांत खेळ आला असेल, टॅपेट स्क्रूचे टोक चेपून पसरले असेल किंवा क्रँकवरून कॅमशाफ्ट फिरवणारी टायमिंग चेन ढिली झाली असेल तरी जवळजवळ तसाच आवाज येतो. म्हणून टॅपेटची झाकणे काढून प्लग बाहेर ठेवावा, क्रँक हाताने सावकाश फिरवावा आणि दोन्ही व्हॉल्व्ह किती खाली जातात ते डोळ्यांनी पाहावे. एक व्हॉल्व्ह दुसऱ्यापेक्षा स्पष्टपणे कमी उघडत असेल तर संशयाला आधार मिळतो. शेवटचा निकाल मात्र कॅमशाफ्ट हातात आल्यावरच लागतो. लोबवरून नख फिरवावे, खाच अडकली तर तो बाद. डोळ्यांना गुळगुळीत दिसला तरी लोबची उंची मायक्रोमीटरने मोजून मॅन्युअलमधल्या मर्यादेशी ताडून पाहावी. साधा व्हर्निअर ०.०२ मि.मी.पर्यंतच वाचता येतो, त्यामुळे मर्यादेच्या जवळ आलेल्या लोबचा निर्णय व्हर्निअरवर करू नये; गावातला कोणताही लेथवाला दोन मिनिटांत मायक्रोमीटरने माप घेऊन देईल.

आता दुसरी गोष्ट, जिच्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. नियमित ऑइल मिळत असलेला कॅमशाफ्ट सहसा इतर भागांच्या आधी संपत नाही. तो आधी संपला याचा अर्थ ऑइल तेथपर्यंत पोहोचत नव्हते, पुरेसे पोहोचत नव्हते किंवा पोहोचत होते ते निकामी झालेले होते. हेड हा इंजिनाचा सर्वांत वरचा भाग असल्यामुळे ऑइल कमी पडले की टंचाई आधी तेथेच जाणवते. शंभर सी.सी.च्या इंजिनात ऑइल मुळातच एक लिटरच्या आत-बाहेर असते. पिस्टन रिंगा झिजलेल्या जुन्या गाडीने दोन सर्व्हिसिंगच्या मध्ये पाव लिटर जाळले तर उरलेल्या ऑइलवर किती भार येतो याचा हिशेब करून पाहावा. डिपस्टिक दर पंधरवड्याला पाहिली जात नसेल तर नवा कॅमशाफ्टही जुन्याच वाटेने जाईल.

पातळी नेहमी नीट ठेवली असेल तर अडथळा आतल्या वाटेवर शोधावा लागतो. आपल्या इंजिनात कागदी फिल्टर नाही. खाली एक जाळी असते आणि उजव्या बाजूच्या कव्हरखाली, क्रँकच्या टोकावर, गरगर फिरून गाळ बाहेरच्या भिंतीला फेकणारा फिल्टर असतो. या दोन्हींपर्यंत जाण्यासाठी क्लचच्या बाजूचे कव्हर काढावे लागते, म्हणून ऑइल बदलताना त्यांना सहसा कोणी हात लावत नाही आणि वर्षानुवर्षांचा गाळ तेथे घट्ट बसतो. क्लच प्लेटा आपण घरी बदलता, म्हणजे ते कव्हर आपल्याला परिचित आहे. कॅमशाफ्टच्या कामाबरोबर ही सफाई केलीच पाहिजे. ऑइल पंपाचे रोटर तेव्हाच पाहून घ्यावेत. याआधी कोणी हेड उघडून पॅकिंगला सिलिकॉनचा सढळ थर दिला असेल तर त्या सिलिकॉनचा तुकडा ऑइलच्या बारीक छिद्रात अडकलेला सापडू शकतो. मला या एका सवयीची फार चीड आहे. चांगल्या, सपाट पृष्ठभागावर नवे पॅकिंग कोरडेच बसते, आणि जेथे मॅन्युअल सांगते तेथेच आणि तेवढाच सीलंट लावायचा असतो.

तयारीविषयी. आपल्या मॉडेलचे सर्व्हिस मॅन्युअल मिळवावे. त्याशिवाय हे काम सुरू करू नये असे माझे स्पष्ट मत आहे, कारण फटीचे आकडे, आवळण्याचे माप आणि खुणांची आकृती ही कोणाच्या आठवणीवर सोडण्याची गोष्ट नव्हे. रिंग पाने, टी-पाने, फिलर गेज (फट मोजण्याच्या पातळ पट्ट्या) आणि किती आवळले ते दाखवणारा लहान मापाचा टॉर्क रेंच लागेल. हेडमधले बरेचसे बोल्ट ६ मि.मी.चे असतात आणि ते साधारण १० ते १२ न्यूटन-मीटर इतकेच आवळायचे असतात. मनगटाच्या अंदाजाने आवळणारा माणूस हमखास जास्त आवळतो, ॲल्युमिनियमचे आटे निघून येतात आणि थोडक्यात होणारे काम हेडच्या दुरुस्तीवर जाते. सुटे भाग आणताना कॅमशाफ्टसोबत दोन्ही रॉकर, त्यांच्या पिना, हेड कव्हरचे पॅकिंग व ओ-रिंगा घ्याव्यात. पुण्याच्या नाना पेठेसारख्या मोठ्या बाजारात एकाच गाडीसाठी निरनिराळ्या दर्जाचा माल शेजारीशेजारी मिळतो. पाकिटावरचा पार्ट नंबर मॅन्युअलशी जुळतो का ते पाहावे आणि जुना कॅमशाफ्ट बरोबर नेऊन दोन्ही टेबलावर एकमेकांशेजारी ठेवून लांबी, बेअरिंगची जागा आणि स्प्रॉकेटची छिद्रे ताडून घ्यावीत. दिसायला सारख्या असलेल्या दोन मॉडेलांचे कॅमशाफ्ट वेगळे असू शकतात.

काम इंजिन पूर्ण थंड असताना करावे. गाडी आदल्या दिवशी धुऊन कोरडी करावी, विशेषतः हेडच्या भोवतालची माती, कारण झाकण उघडल्यावर पडणारा प्रत्येक कण थेट बेअरिंगमध्ये जातो. भाग धुण्यासाठी रॉकेल किंवा डिझेल वापरावे; बंद खोलीत पेट्रोलने भाग धुणे हे आगीला आमंत्रण आहे. पुसायला धागे सुटणारा कापूस नको, जुने सुती कापड चांगले.

उकलताना प्लग काढावा, डाव्या कव्हरवरची दोन बुचे काढावीत आणि क्रँकच्या डाव्या टोकावरच्या मॅग्नेटच्या नटावर पाना लावून क्रँक डावीकडून पाहता घड्याळाच्या उलट दिशेने, म्हणजे इंजिन चालू असताना फिरते त्याच दिशेने, फिरवावा. मॅग्नेटवरची ‘टी’ ही खूण कव्हरवरच्या खाचेसमोर आली की पिस्टन सर्वांत वर आलेला असतो. ‘टी’जवळच ‘एफ’ ही खूण असते. ती ठिणगीच्या वेळेची आहे आणि घाईत अनेकांची गफलत तेथेच होते. त्याच वेळी कॅम स्प्रॉकेटवरची खूण हेडवरच्या खुणेसमोर आहे का ते पाहावे. नसेल तर क्रँकची आणखी एक पूर्ण फेरी द्यावी. दोन्ही खुणा जुळलेल्या स्थितीत मोबाइलवर दोन-तीन बाजूंनी स्पष्ट छायाचित्रे घ्यावीत. टॅपेटचे स्क्रू पूर्ण ढिले करावेत आणि चेन ताणून धरणाऱ्या टेन्शनरचा ताण मॅन्युअलमध्ये सांगितल्याप्रमाणे सोडवावा. स्प्रॉकेटचे बोल्ट काढण्यापूर्वी चेनच्या बोगद्यात स्वच्छ कापडाचा बोळा घालावा, कारण त्या बोगद्यातून खाली गेलेला छोटा बोल्ट शोधण्यासाठी अर्धे इंजिन उघडावे लागू शकते. स्प्रॉकेट सुटले की चेनला तार बांधून ती वर अडकवून ठेवावी. रॉकरच्या पिनांच्या टोकाला बहुधा आतून आटे असतात; त्यात योग्य मापाचा बोल्ट फिरवून ओढले की पिन येते. हातोडी वापरण्याची वेळ येऊ नये. कोणता रॉकर इनटेकचा आणि कोणता एक्झॉस्टचा हे चिठ्ठी लावून ठेवावे. ज्या इंजिनात वरचे झाकण आणि हेड एकाच चार नटांनी आवळलेले असते, तेथे ते नट सैल करताच हेड गॅस्केटवरचा दाब जातो, मग ते गॅस्केट बदलणे आलेच. आपल्या इंजिनात ते नट काढावे लागतात का हे आकृती पाहून आधीच ठरवावे. काही इंजिनांत ऑइल वर जाण्याची वाट अशाच एका स्टडच्या भोवतीने असते आणि त्या जागी तांब्याचा वॉशर असतो, म्हणून कोणता नट आणि कोणता वॉशर कोठून निघाला हे लिहून ठेवणे आवश्यक आहे.

कॅमशाफ्ट बाहेर आल्यावर त्याची बेअरिंग हाताने फिरवून पाहावीत. खरखर लागली तर ती बदलावीत. ज्या इंजिनांत कॅमशाफ्ट बेअरिंगशिवाय थेट हेडच्या धातूत फिरतो तेथे हेडमधल्या त्या जागाही तपासाव्यात. तेथे घळी पडल्या असतील तर नव्या कॅमशाफ्टचा खर्च वाया जाईल, आधी हेडचा निर्णय करावा लागेल.

नवा कॅमशाफ्ट धुऊन, पुसून, लोबवर आणि बेअरिंगच्या जागी भरपूर ऑइल लावून बसवावा. मॅग्नेटची ‘टी’ खूण खाचेसमोर स्थिर ठेवून, कॅमची खूण हेडच्या खुणेसमोर धरून स्प्रॉकेट चेनमध्ये अडकवावे. येथे एक शंका पुष्कळांना पडते: पिस्टन वर आहे, पण तो कॉम्प्रेशनचा आहे की एक्झॉस्टचा? कॅमशाफ्ट बाहेर असताना हा प्रश्नच उद्भवत नाही, कारण कोणता स्ट्रोक आहे हे क्रँक ठरवत नाही, कॅम ठरवतो. आपल्या गाडीत ठिणगीचा इशारा मॅग्नेटवरून घेतला जातो आणि क्रँकच्या प्रत्येक फेरीला ठिणगी पडते. म्हणून ‘टी’ खूण आणि कॅमची खूण एकाच वेळी जुळली की वेळ बरोबर बसली.

चेनची ढिली बाजू टेन्शनरकडे आली पाहिजे. बोल्ट मापाने आवळावेत, टेन्शनर पूर्ववत कामाला लावावा आणि मग क्रँक हाताने दोन पूर्ण फेऱ्या फिरवून खुणा पुन्हा पाहाव्यात. टेन्शनरचा ताण आल्यावर कॅम किंचित फिरतो, त्यामुळे ही दुसरी तपासणी टाळता येत नाही. फिरवताना कोठेही कडक अडले तर जोर न लावता थांबावे, कारण व्हॉल्व्ह पिस्टनला टेकत असण्याची शक्यता असते. तसे झाल्यास सर्व उघडून खुणा नव्याने जुळवाव्यात.

टॅपेटची फट ‘टी’ खुणेवर आणि दोन्ही रॉकर हाताने किंचित हलत असताना, थंड इंजिनातच सेट करावी. या जातीच्या लहान इंजिनांत ती साधारण ०.०५ ते ०.१० मि.मी.च्या दरम्यान असते. आपल्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमधून घ्यावा. लॉकनट आवळताना स्क्रूही थोडा फिरतो आणि फट बदलते, म्हणून नट आवळल्यानंतर गेज पुन्हा घालून पाहावे. आवाज पूर्ण बंद व्हावा म्हणून फट मापापेक्षा कमी ठेवण्याचा मोह होतो, तो टाळावा: व्हॉल्व्ह तापून लांबतो, पूर्ण मिटत नाही, आणि एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह जळतो. हलकी टिकटिक हे या इंजिनांचे आरोग्यलक्षण आहे.

झाकण लावण्यापूर्वी हेडच्या खळग्यात थोडे ऑइल ओतावे. नवे ऑइल भरून, प्लग बाहेर ठेवून आणि त्याच्या वायरीचे टोक इंजिनाच्या धातूला जोडून (अर्थिंग करून) पंधरा-वीस किका माराव्यात. मग प्लग लावून गाडी सुरू करावी, मिनिटभराने बंद करून टॅपेटचे झाकण उघडावे आणि रॉकर ताज्या ऑइलने भिजला आहे का ते पाहावे. तेथे कोरडेपणा दिसला तर गाडी चालवू नये. ऑइलच्या वाटेतला अडथळा अजून तसाच आहे. पहिली काही मिनिटे अगदी मंद आयडलवर न ठेवता फेऱ्या किंचित वाढवून चालवावी, पहिले काही दिवस इंजिन ताणू नये आणि साधारण ५०० कि.मी. झाल्यावर ऑइल बदलावे, कारण नव्या पृष्ठभागांतून निघालेला बारीक चुरा त्यात उतरलेला असतो.

प्रश्न: पल्सर १५०चा कॅमशाफ्ट एका गॅरेजमध्ये बदलून घेतला. रॉकर चांगले आहेत असे सांगून जुनेच ठेवले. तीन-चार महिन्यांत आवाज परत आला आणि आता नव्या कॅमवरही चरे दिसत आहेत. नवा भाग निकृष्ट होता का? — एक वाचक, सिन्नर

उत्तर: भाग पाहिल्याशिवाय त्याच्या दर्जाविषयी बोलता येणार नाही, पण जुने रॉकर ठेवणे हेच या बिघाडाला पुरेसे कारण आहे. लोब आणि रॉकरचे तोंड एकमेकांवर घासत एकमेकांच्या आकाराला जुळत जातात. जुन्या कॅमच्या खड्ड्यांनी ओबडधोबड झालेले तोंड नव्या, अजून न रुळलेल्या लोबवर टेकले की संपूर्ण भार दोन-चार उंच टोकांवर येतो आणि लोबची कठीण कातडी सुरुवातीलाच फुटते. म्हणून कॅमशाफ्ट व रॉकर ही जोडी एकत्रच बदलावी. पैशांची ओढ असेल तर महिनाभर थांबावे, पण अर्धी जोडी बदलू नये. रोलरचे रॉकर असलेल्या नव्या इंजिनांत रोलर न अडकता फिरतो का आणि त्याच्या पृष्ठभागावर डाग आहेत का ते पाहून निर्णय घेता येतो.

आपल्या पत्रात टेन्शनरचा उल्लेख नाही. आपोआप ताण देणारा टेन्शनर काढल्यावर त्याचा दांडा पुढे सरकलेला असतो. बसवताना तो मागे गुंडाळून, तसाच धरून बोल्ट आवळायचे आणि मग मोकळा सोडायचा असतो. दांडा पुढे असतानाच बोल्टने ओढून बसवला तर चेनवर अवाजवी ताण येतो. पुढच्या खेपेला ही गोष्ट आपल्या डोळ्यांसमोर करून घ्यावी.

प्रश्न: कॅमशाफ्ट मी स्वतः बदलला. गाडी सुरू होते, पण पिकअप नाही, सायलेन्सरमधून फटाके वाजतात आणि इंजिन लवकर तापते. खुणा जुळवल्या होत्या अशी माझी खात्री आहे. — एक वाचक, परभणी

उत्तर: आपण सांगितलेली तिन्ही लक्षणे टायमिंग एका दाताने चुकल्याची आहेत. एक दात ही लहान चूक वाटते, म्हणून हिशेब सांगतो. समजा कॅम स्प्रॉकेटला ३२ दात आहेत. एक दात म्हणजे कॅमचे ११.२५ अंश, आणि कॅम क्रँकच्या निम्म्या गतीने फिरत असल्यामुळे क्रँकच्या मापात ते २२.५ अंश होतात. व्हॉल्व्ह इतके लवकर किंवा उशिरा उघडू-मिटू लागले की इंजिन चालते, पण सिलिंडर नीट भरतही नाही आणि नीट रिकामाही होत नाही.

खुणा जुळवल्यानंतर बहुधा चेनची ढिली बाजू चुकीच्या अंगाला राहिली असावी आणि टेन्शनर लावताच स्प्रॉकेट सरकले असावे. दुसरी शक्यता ‘एफ’ खुणेला ‘टी’ समजण्याची आहे. गाडी आणखी चालवू नये. प्लग काढून क्रँक योग्य दिशेने फिरवत ‘टी’वर आणावा, खूण पुढे निघून गेली तर मागे न वळवता पुन्हा पूर्ण फेरी घ्यावी, कारण उलट फिरवताना चेनचा ढिलेपणा दुसऱ्या बाजूला जातो आणि खुणा खोट्या दिसतात. टेन्शनर जागेवर असतानाच कॅमची खूण पाहावी. ती अर्ध्या दाताएवढी हटलेली दिसत असेल तर चेन ताणली गेली आहे आणि चेन व दोन्ही स्प्रॉकेट बदलण्याची वेळ आली आहे. पूर्ण दाताएवढी हटलेली असेल तर ताण सोडून, स्प्रॉकेट एक दात हलवून, सर्व तपासणी पुन्हा करावी. हे झाल्यावरही ओढ आली नाही तर कॉम्प्रेशन मोजून घ्यावे; टॅपेटची फट फारच कमी राहिली असेल तरी कॉम्प्रेशन पडते.

प्रश्न: कोल्हापूरच्या उद्यमनगरात एक कारागीर घासलेला कॅमशाफ्ट वेल्डिंगने भरून, ग्राइंड करून देतो असे कळले. नव्यापेक्षा स्वस्त पडेल का? — एक वाचक, गडहिंग्लज

उत्तर: ज्या गाडीचा नवा भाग बाजारात सहज मिळतो तिच्यासाठी हा मार्ग घेऊ नये. कोल्हापूरच्या कारागिरांच्या हाताविषयी मला शंका नाही. ऑइल इंजिनांच्या काळापासून त्या शहराने हे कौशल्य जपलेले आहे. अडचण धातूची आहे. कॅमशाफ्ट बहुधा ओतीव लोखंडाचा असतो आणि वेल्डिंगच्या उष्णतेने अशा लोखंडाला बारीक तडे जातात. भरलेला थर लोबच्या मूळ कातडीइतका कठीण करायचा तर वेगळी उष्णता-प्रक्रिया लागते, आणि लोबचा आकार मूळ नमुन्यावरून हुबेहूब ग्राइंड करायला त्यासाठीचेच यंत्र लागते. हाताच्या ग्राइंडरने काढलेला लोब गोलाईत थोडा जरी चुकला तरी व्हॉल्व्ह अलगद बसत नाही, आपटतो. जुन्या, आयात केलेल्या गाडीचा भाग कोठेच मिळत नसेल तर मात्र कॅम ग्राइंडिंगचे यंत्र असलेल्या कारखान्यात, काम झाल्यावर कठीणपणा मोजून देण्याच्या अटीवर, ही दुरुस्ती करून घेण्यात अर्थ आहे.

प्रश्न: वडिलांची आरएक्स १०० मी पुन्हा चालू स्थितीत आणत आहे. हेडमधून टिकटिक येते. तिचा कॅमशाफ्ट कोठे मिळेल? — एक वाचक, रत्नागिरी

उत्तर: आपली गाडी टू-स्ट्रोक आहे, तिच्यात कॅमशाफ्ट, रॉकर किंवा टॅपेट यांपैकी काहीही नाही. वायूंची ये-जा सिलिंडरच्या भिंतीतल्या खिडक्यांमधून होते आणि त्यांची उघडझाप मुख्यतः पिस्टन करतो. टिकटिक बहुधा पिस्टन आणि बोअर यांतल्या वाढलेल्या फटीची किंवा कनेक्टिंग रॉडच्या वरच्या टोकातल्या बेअरिंगची असेल. सिलिंडर काढून बोअरचे माप घ्यावे.

प्रश्न: माझ्याकडे ३५० सी.सी.ची जुनी, ओतीव लोखंडी सिलिंडरची बुलेट आहे आणि भावाकडे २०१२ची क्लासिक ३५०. दोन्हींचे कॅम बदलायचे आहेत. स्प्लेंडरसारखीच पद्धत लागू पडते का? — एक वाचक, नाशिक

उत्तर: तत्त्व तेच, रचना पूर्ण वेगळी. या दोन्ही बुलेटमध्ये कॅम हेडमध्ये नसून खाली, उजव्या बाजूच्या टायमिंग कव्हरखाली असतात आणि तेथे चेन नसते. इनटेक आणि एक्झॉस्ट यांचे कॅम वेगवेगळे असून ते आपापल्या गिअरसह फिरतात. त्यांची हालचाल पुशरॉडमार्फत, म्हणजे उभ्या लांब दांड्यांमार्फत, वर रॉकरपर्यंत जाते. म्हणून आधी रॉकर सोडवून पुशरॉडवरचा दाब काढावा आणि मगच टायमिंग कव्हर उघडावे. गिअरांवर ठिपक्यांच्या किंवा रेघांच्या खुणा असतात. त्या सर्व एकमेकींसमोर आल्यावर छायाचित्र घेऊन मगच कॅम ओढावेत. पुशरॉड कोणता कोठला हे लिहून ठेवावे.

जुन्या बुलेटमध्ये एक जास्तीची काळजी लागते. तिचे ठिणगीची वेळ ठरवणारे काँटॅक्ट पॉइंट याच गिअरांच्या साखळीतून चालवले जातात, आणि ते क्रँकच्या निम्म्या गतीने. त्यामुळे स्प्लेंडरच्या उत्तरात सांगितलेली सूट येथे मिळत नाही: कॅमच्या खुणा जुळवल्यानंतर ठिणगी कॉम्प्रेशनच्याच वेळी पडते का हे स्वतंत्रपणे पाहून इग्निशन टायमिंग नव्याने सेट करावे लागते. टॅपेटसाठी, थंड इंजिनात पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकावर असताना पुशरॉड बोटांनी सहज फिरावा, पण वर-खाली हलू नये, ही या इंजिनाची मान्य रीत आहे.

भावाच्या गाडीचे इंजिन नंतरच्या, गिअरबॉक्ससह एकसंध बनवलेल्या पिढीतले आहे आणि त्यात हायड्रॉलिक टॅपेट आहेत. ते ऑइलच्या दाबाने स्वतःच फट भरून काढतात, म्हणून सेट करण्यासाठी स्क्रू नाही. काढलेले टॅपेट उभे, आपापल्या क्रमाने, स्वच्छ ऑइलमध्ये ठेवावेत. इनटेकचा टॅपेट एक्झॉस्टच्या जागी जाऊ देऊ नये. गाडी सुरू केल्यावर थोडा वेळ टकटक येणे स्वाभाविक आहे, ऑइल भरले की ती थांबते. ऑइल पूर्ण गरम झाल्यावरही ती राहिली तर टॅपेट तपासावेत.

प्रश्न: ड्यूक ३९०चा कॅमही घरी बदलावा का? आणि या सर्व गाड्यांसाठी कारचे महागडे सिंथेटिक ऑइल वापरले तर कॅम जास्त टिकेल का? — एक वाचक, चाकण

उत्तर: पहिल्याच प्रयत्नाला ड्यूक घेऊ नये. तिच्यात दोन कॅमशाफ्ट आणि चार व्हॉल्व्ह आहेत, फट स्क्रूने न जुळवता शिमच्या, म्हणजे पातळ चकतीच्या, जाडीने जुळवावी लागते, आणि कॅमवरच्या टोप्यांचे बोल्ट सांगितलेल्या क्रमाने थोडेथोडे न आवळल्यास टोपी किंवा कॅमशाफ्ट तुटू शकतो. शिवाय इंधन इंजेक्शनच्या गाडीची टाकी काढताना नळीत दाबाखालचे पेट्रोल असते, ते आधी सुरक्षितपणे सोडावे लागते. एक-दोन साधी इंजिने हाताखालून गेल्यावर, शिमांचे माप घेण्यासाठी मायक्रोमीटर जवळ असल्यावर, विचार करावा.

ऑइलविषयी: मोटारसायकलचा क्लच बहुधा इंजिनाच्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो. इंधन वाचवण्यासाठी घर्षण कमी करणारी द्रव्ये कारच्या अनेक ऑइलांत असतात आणि त्यांनी क्लच घसरू लागतो. डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए२’ (ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचला चालणाऱ्या ऑइलाची खूण) असे लिहिलेले, मॅन्युअलमध्ये दिलेल्या ग्रेडचे ऑइल घ्यावे. त्यापेक्षा दुप्पट किमतीचे ऑइल भरून बदलण्याची मुदत लांबवत नेण्यापेक्षा हेच ऑइल वेळेवर बदलणे कॅमसाठी अधिक हिताचे आहे. काढलेले ऑइल झाकणाच्या डब्यात भरून जुने ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजला द्यावे. ते गटारात, शेताच्या बांधावर किंवा विहिरीच्या आसपास ओतू नये.